नागपूरच्या चावऱ्यांची पत्तेवही

संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी फॉगिंगचं यंत्र घरघरलं की नागपुरात दोन गोष्टी ठरलेल्या. पोरं धुरात शिरून धावत सुटतात आणि मोठी माणसं ‘चला, मेले मच्छर’ म्हणत खिडक्या लावून घेतात. धूर लागतो तो त्या घटकेला हवेत असलेल्या डासांना. पाण्यातल्या अळ्या शाबूत, कूलरच्या पत्र्याला चिकटलेली अंडी शाबूत आणि गोठ्याच्या भेगेतल्या पाहुण्याला तर यंत्र येऊन गेल्याचा पत्ताही नसतो. आपल्याला चावणाऱ्या प्रत्येक जिवाचं घर वेगळं, जेवणाची वेळ वेगळी आणि वैरीही वेगळा. एकाच्या वैऱ्याला दुसऱ्याच्या दारात नेऊन बसवलं तर तो बिचारा उपाशी मरतो. म्हणून ही पत्तेवही. सुरुवात नागपूरपासून, मग जमेल तिथवर.

जगाच्या यादीत गेलेली नागपूरची वस्ती

विषाणूंच्या आंतरराष्ट्रीय यादीत नागपूरचा एक पत्ता कायमचा नोंदलेला आहे: चांदीपुरा. १९६५ साली शहरात तापाची मोठी साथ आली होती. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, रक्ताचे नमुने तपासणं चाललं होतं. शोध चिकुनगुन्या आणि डेंग्यूचा होता, पण दोन रुग्णांच्या रक्तात भलताच विषाणू निघाला. भट आणि रॉड्रिग्ज या संशोधकांनी १९६७ मध्ये त्याची माहिती छापली आणि वस्तीचं नाव विषाणूला मिळालं. हा रेबीजच्या कुळातला, सूक्ष्मदर्शकाखाली बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा दिसणारा.

पुढची कितीतरी वर्षं त्याला कुणी फार भाव दिला नाही. ताप येतो, जातो, एवढीच समजूत. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुलं मेंदूज्वराने आजारी पडली, त्यांतली १८३ दगावली आणि संशयाची सुई या नागपूरकराकडे वळली. २००७ मध्ये तो नागपूर विभागातल्या मुलांमध्येच साथ घेऊन परतला. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत पुन्हा त्याचंच नाव गाजलं.

त्याला वाहून नेते ती सँडफ्लाय, मराठी बातम्यांतली ‘वाळूमाशी’. दोन-तीन मिलिमीटरची, डासाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाची. साध्या मच्छरदाणीच्या छिद्रातून ती आरामात आत येते. गुणगुणत नाही. बसली की पंख उभे, इंग्रजी ‘व्ही’सारखे. उडण्यात मात्र अगदीच लंगडी: टुणटुण उड्या मारत जाते, फार उंच जात नाही. म्हणून भिंतीवर औषध मारताना साधारण सहा फुटांपर्यंत मारलं तरी चालतं.

आता खरी गंमत. हिची पिल्लावळ पाण्यात नसतेच. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठ्यातली ओलसर माती, शेणकुजट कोपरे, उंदरांची बिळं असल्या अंधाऱ्या दमट जागी तिच्या अळ्या वाढतात आणि त्या इतक्या बेमालूम लपतात की अभ्यासकांनाही निसर्गात सहसा सापडत नाहीत. त्यामुळे गावात चांदीपुराचा रुग्ण निघाल्यावर कुणी गप्पी मासे वाटत असेल, तर हेतू चांगला, पत्ता चुकीचा. इथला उपाय आजीच्या हातचा: भेगा लिंपणं, गोठा कोरडा ठेवणं, शेणाचा ढीग घरापासून लांब नेणं. भिंतीवरची पाल आणि कोळी या कामात मदत करतात, म्हणून त्यांच्यामागे झाडू घेऊन धावू नये, असं माझं मत. घरच्या मंडळींना ते मान्य नाही.

कूलर: आठ-नऊ महिन्यांची अंडी

नागपूरचा पारा २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांवर गेला होता. एवढ्या उन्हात एडिस डासही टिकत नाही. पण आपण त्याच्यासाठी घराघरात सोय करून ठेवली आहे: खिडकीत थंडगार, दमट, सावलीतली पत्र्याची पेटी, तळाशी स्वच्छ पाणी, वर ओल्या वुडवुलच्या ताट्या. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणाऱ्या एडिसला गटार आवडत नाही, त्याला आपल्यासारखंच स्वच्छ पाणी लागतं.

मादी अंडी पाण्यात घालत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीवर एकेक करून चिकटवते. पाणी काढून टाकलं, कूलर पुसला, जुलैत माळ्यावर चढवला, तरी ती अंडी सुकून कित्येक महिने तशीच जिवंत राहतात. पुढच्या एप्रिलमध्ये आपण बादलीभर पाणी ओततो आणि त्यांचा जन्मदिवस साजरा होतो. त्यामुळे ‘कोरडा दिवस’ पाळताना पाणी ओतून देणं हे निम्मंच काम. आतली भिंत घासणीने खरवडून काढणं हे उरलेलं निम्मं. उन्हाळ्यात अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंतचा प्रवास आठवडा-दहा दिवसांत उरकतो, म्हणून हे आठवड्यातून एकदा. पंधरवड्याचा हिशेब इथे चालत नाही.

एडिसच्या मादीची आणखी एक खोड: ती एका माणसावर पोट भरत नाही. जरा हात हलला की उठते, शेजारच्याला चावते, मग तिसऱ्याला. एकाच घरात चौघं एकदम तापाने पडतात त्याचं एक कारण हे. आणि हो, ती जेवते दिवसा. रात्रीच्या मच्छरदाणीशी तिचा संबंध कमीच.

गप्पी नावाचे गृहस्थ

गप्पी मासा गप्पा मारत नाही. त्रिनिदादमध्ये राहणारे रॉबर्ट जॉन लेचमिअर गप्पी नावाचे निसर्ग अभ्यासक होते. त्यांनी हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले आणि १८६६ मध्ये तिथल्या तज्ज्ञाने गौरवाने त्यांचं आडनाव माशाला दिलं. नंतर कळलं, की व्हिल्हेल्म पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८५९ मध्येच व्हेनेझुएलातल्या नमुन्यांवरून या माशाचं वर्णन केलं होतं. शास्त्रीय नावातून गप्पी गेले, बाजारातल्या नावात राहिले. भारतात हा मासा १९०८ ते १९१० च्या सुमारास आला. आज महाराष्ट्रात ठिकठिकाणी त्याची पैदास केंद्रं आहेत आणि पिशवीत घालून तो फुकट मिळतो.

सरकारी माहितीपत्रकं सांगतात, की एक गप्पी दिवसाला ८० ते १०० अळ्या खातो. मादी अंडी घालत नाही, थेट पोहती पिल्लं देते. एकदा नराशी गाठ पडली की त्याचं वीर्य महिनोन्‌महिने साठवून ठेवते आणि त्यानंतर नर दिसला नाही तरी बाळंतपणं सुरूच. भूक लागली तर स्वतःचीच पिल्लं खाते, म्हणून टाक्यात थोडं शेवाळ-पानं असलेली बरी. पिल्लांना लपायला जागा मिळते. गढूळ, कुबट पाण्यातही हा तग धरतो. त्याचा लांबचा भाऊ गॅम्बुसिया १९२८ मध्ये इटलीमार्गे भारतात आला, पण घाणीत तो तितकासा रमत नाही.

इथवर सगळं गोड. आता कडू: गॅम्बुसिया जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जिवांच्या यादीत आहे. तळ्यात सोडला की डासांच्या अळ्यांबरोबर बेडकांची पिल्लं आणि देशी माशांची अंडीही फस्त करतो. गप्पीही परकाच. म्हणून हे मासे बंद टाक्यात, हौदात, कारंज्यात, वापरात नसलेल्या विहिरीत सोडा. भंडारा-गोंदियाच्या मामा तलावांत, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावांत, त्यांना न्यायची काही गरज नाही. तिथे देशी छोटे मासे, चतुराच्या अळ्या, पाणकिडे, बेडूक ही पलटण पिढ्यान्‌पिढ्या तेच काम करत आली आहे, बिनपगारी.

आणि कूलरमध्ये? गप्पी कूलरमध्ये सोडणारे उत्साही लोक मला भेटले आहेत. पंप चालू झाला की माशाचं काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही.

मुळाला नळी लावून

नागपूरला तळ्यांची चैन आहे: अंबाझरी, फुटाळा, गांधीसागर, सोनेगाव, सक्करदरा, नाईक तलाव. अलीकडे अंबाझरीत जलपर्णीने हातपाय पसरले. डासांच्या बहुतेक अळ्या श्वास घ्यायला पाण्याच्या पृष्ठभागावर येतात. क्युलेक्सच्या अळ्या डोकं खाली करून तिरक्या लटकतात, मलेरियाच्या अ‍ॅनोफेलिसच्या अळ्या पाण्याला समांतर पसरतात; बादलीत टॉर्च मारून कोणीही ओळखू शकतं. पण मॅन्सोनिया नावाच्या डासाने नवाच मार्ग काढला. त्याच्या अळीची श्वासनळी करवतीसारखी असते. ती पाणवनस्पतीच्या मुळात खुपसायची आणि वनस्पतीच्या आतली हवा ओढत पाण्याखालीच बसून राहायचं. वर यायचंच नाही, म्हणजे माशाच्या तोंडी लागायचं नाही आणि पाण्यावर तेल ओतलं तरी गुदमरायचं नाही. केरळात चेरतला भागात या डासामुळे हत्तीपाय पसरत होता. तिथे लोकांनी डास मारले नाहीत, पाणवनस्पती उपसल्या. घरच पाडलं.

रात्री साडेआठनंतरचं रक्त

पूर्व विदर्भात हत्तीपाय हा ओळखीचा आजार. त्याची तपासणी करणारे आरोग्य कर्मचारी रात्री का येतात, यावर गावोगाव कुजबुज चालते. कारण साधं आहे: हत्तीरोगाच्या जंताची सूक्ष्म पिल्लं दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री त्वचेजवळच्या रक्तात फिरायला निघतात. का? कारण त्यांना पुढच्या मुक्कामी नेणारा क्युलेक्स डास रात्रीच चावतो. जंताने डासाचं वेळापत्रक पाठ केलं आहे. पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टराने १८७७ मध्ये चीनमधल्या अमॉय बंदरात आपल्याच माळ्याला डासांकडून चाववून हे जंत डासात वाढताना पाहिले. कीटक माणसाचा आजार वाहून नेतो हे त्यातून पहिल्यांदा दिसलं. मॅन्सोनिया हे नाव त्याच्यावरूनच.

क्युलेक्स एडिसच्या अगदी उलट. त्याला घाण पाणी हवं: तुंबलेली नाली, उघडा सेप्टिक टँक. संडासाच्या टाकीच्या गॅसपाइपला दहा-वीस रुपयांच्या जाळीची टोपी घातली की हजारो डासांचा बाहेर पडायचा दरवाजा बंद. २०१९ च्या सुरुवातीला हत्तीरोगाच्या तीन औषधांच्या एकत्रित मोहिमेसाठी देशात जे मोजके जिल्हे सर्वांत आधी निवडले, त्यांत नागपूर होता. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत या जंतावर अनेक वर्षं संशोधन झालं आहे.

हेलिकॉप्टर समुद्रापार

पाऊस सुरू झाला की मैदानांवर पिवळसर चतुरांचे थवे तरंगताना दिसतात. पोरं त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात. हा पँटाला जातीचा चतुर भारतातून मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातो. वजन ग्रॅमच्याही आत.

शिकारी म्हणून चतुरासमोर वाघ ओशाळावा. वाघाच्या बहुतेक झडपा फुकट जातात. चतुर दहातल्या नऊ वेळा भक्ष्य पकडतो. आणि हे झालं मोठेपणीचं. लहानपणी तो पाण्यात असतो, तेव्हा त्याचा खालचा ओठ घडी घालून हनुवटीखाली ठेवलेला असतो. डासाची अळी टप्प्यात आली की हा ओठ सटकन पुढे जातो आणि आकड्यांत तिला धरून मागे येतो. पळायची वेळ आली तर चतुराची ही अळी पार्श्वभागातून पाण्याची पिचकारी मारून पुढे झेपावते.

१९८० च्या सुमारास रंगूनमध्ये, आजच्या यांगूनमध्ये, हे करून पाहिलं गेलं. घराघरांतल्या पाण्याच्या भांड्यांत लाल चतुराच्या अळ्या सोडल्या. काही आठवड्यांत तिथले एडिस डास खूपच घटले. तोच लाल चतुर आपल्याकडे धानाच्या बांधावर बसलेला दिसतो. आपल्या माठात चतुराची अळी दिसली तर आपण काय करू, हा प्रश्न वेगळा.

आईकडून आलेला चावा

२०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भाला नवी धास्ती बसली: स्क्रब टायफस. उंच गवत, झुडपं, शेताचे धुरे यांत राहणारी माइट नावाची, कोळ्यांच्या वर्गातली अतिसूक्ष्म जात. तिची अळी तेवढी चावते, तीही जन्मात एकदाच. मग एकदाच जेवणाऱ्या अळीकडे रोगाचे जिवाणू आले कुठून? आईकडून, अंड्यातून. मोठी झालेली माइट आठ पायांची, निरुपद्रवी. मातीत किड्यांची अंडी खात फिरते. अळी सहा पायांची. ती रक्त पीत नाही, कातडी विरघळवून तो रस चोखते. चावलेल्या जागी बऱ्याचदा सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली येते, आणि ती सहसा काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली असते. तापाच्या रुग्णाचे कपडे बाजूला करून शोधणारा डॉक्टर शहाणा, कारण निदान लवकर झालं तर डॉक्सिसायक्लिनसारख्या जुन्या, स्वस्त औषधाने हा आजार आटोक्यात येतो.

या अळ्यांचं नेहमीचं गिऱ्हाईक माणूस नाही, उंदीर-घूस आहे. तेव्हा निसर्गातला बंदोबस्त कोणाकडे? धामण आणि गव्हाणी घुबड. दोघांनाही आपण पाहताक्षणी दगड मारतो.

उंदरांचा हिशेब बिघडला की काय होतं ते मराठवाड्याने पाहिलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर शेजारच्या बीड जिल्ह्यातही लोक घरं सोडून बाहेर राहू लागले. रिकाम्या घरांत धान्य तसंच राहिलं आणि उंदरांची चंगळ झाली. ऑगस्ट १९९४ मध्ये मामला गावात उंदीर मरून पडू लागले, पिसवांचा सुळसुळाट झाला आणि प्लेग आला. उंदीर मेला की त्याचं अंग थंड पडतं. पिसू गरम अंग शोधत निघते. जवळ दुसरा उंदीर नसला की माणूस.

मध्येच मारबत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे पुतळे वाजतगाजत निघतात आणि सगळी रोगराई सोबत घेऊन जा, अशी आरोळी नागपूरभर घुमते. परंपरा १८८० च्या दशकातली. मुहूर्त मात्र कीटकशास्त्रज्ञाने काढल्यासारखा: श्रावण संपून भाद्रपद लागतो, पावसाची उघडझाप सुरू असते, डबक्यांत पाणी साचलेलं असतं, गवत कमरेएवढं. डेंग्यू, मलेरिया, स्क्रब टायफस सगळे याच सुमारास जोरात असतात.

वटवाघळाचा फुगवलेला आकडा

‘एक वटवाघूळ तासाला हजार डास खातं’ हे वाक्य तुम्हीही फॉरवर्ड केलं असेल. मूळ १९६० च्या प्रयोगात आहे. डोनाल्ड ग्रिफिन यांनी बंद खोलीत वटवाघळं सोडली आणि खायला डास, चिलटं असलेच बारीक किडे. मिनिटाला किती टिपले ते मोजलं. पुढे कोणीतरी त्याला साठने गुणलं आणि जग गुणतच राहिलं. मोकळ्या हवेत वटवाघूळ मोठा पतंग सोडून डासामागे कशाला शिणेल? डास खातात, नक्की खातात. हजाराचा हिशेब सोडा.

डासावर खरा जीव आहे तो पूर्व आफ्रिकेत, व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याचा. त्याला रक्त प्यायलेली मादीच हवी. आपल्या मोज्यांच्या वासाकडे तो ओढला जातो, कारण जिथे माणूस तिथे भरल्या पोटाचा डास. आपल्या भारतीय जंगलांतही एक मोठा देखणा डास आहे, टॉक्सोऱ्हिंकायटिस. नर-मादी दोघंही फुलांच्या रसावर जगतात, कुणाला चावत नाहीत, आणि त्यांच्या अळ्या इतर डासांच्या शेकडो अळ्या खातात.

वाळवंटातल्या डबक्यातली देणगी

१९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव वाळवंटात एका सुकत चाललेल्या डबक्यात संशोधकांना मेलेल्या अळ्यांचा खच दिसला. मारेकरी होता एक जिवाणू. त्याचं नाव बीटीआय. त्याच्या पेशीत प्रथिनांचे स्फटिक असतात. डासाच्या अळीचं आतडं आम्लारी, तिथे ते विरघळून विष बनतात आणि आतड्याला भोकं पाडतात. आपलं पोट आम्लधर्मी, त्यामुळे आपल्याला, गाईला, माशाला तो अपाय करत नाही. पण सँडफ्लायच्या भेगेत, माइटच्या गवतात, गोचिडाच्या गोठ्यात तो निरुपयोगी. परत पत्त्याचीच गोष्ट.

गोचिडांचं विचाराल, तर म्हशीच्या पाठीवर बसलेला कोतवाल आणि पायाशी चालणारा गायबगळा यांना आपण फुकटचं श्रेय देतो. ते टिपतात मुख्यतः जनावराच्या चालण्याने गवतातून उडालेले किडे. गोचीड खरी वेचते ती अंगणातली कोंबडी.

सायक्लोप्स: मारायचा की पाळायचा?

एकच डोळा असलेला, ठिपक्याएवढा पाणजीव. विहिरी आणि पायऱ्यांच्या बारवांतलं पाणी न गाळता पिणाऱ्यांच्या पोटात नारूचा जंत हाच पोचवायचा. वर्षभराने पायातून दीड-दोन हात लांब जंत बाहेर यायचा आणि तो काडीला गुंडाळत, रोज थोडा थोडा ओढत काढावा लागायचा. देशाने पाणी गाळून, विहिरींत अबेट हे कीटकनाशक टाकून सायक्लोप्सचा पाठलाग केला. भारतातला शेवटचा नारू रुग्ण जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं.

त्याच सुमारास व्हिएतनामची खेडी नेमकं उलट करत होती. सायक्लोप्सचाच भाऊबंद मेसोसायक्लोप्स एडिसच्या नुकत्या जन्मलेल्या अळ्या कुरतडून खातो, हे ओळखून तिथल्या बायका-पोरांनी घरोघरच्या रांजणांत तो मुद्दाम सोडला. नारू तिथे नव्हताच, त्यामुळे भीती नव्हती. अनेक गावांतून एडिस पार नाहीसा झाला आणि त्याबरोबर डेंग्यूही.